लाकूड फोडायच्या मशीनचं ऑइल तापतं, लिव्हर मधेच सुटतो, सील परत परत गळतं? आधी व्हॉल्व्ह बघा

घरी जुळवलेल्या किंवा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेल्या ओंडके फोडायच्या मशीनच्या तक्रारी ऐकल्या तर त्या फिरून फिरून त्याच असतात. अर्ध्या तासात ऑइल इतकं तापतं की टाकीला हात लावता येत नाही, पाचर मागे येताना लिव्हर आपोआप सुटतो, लिव्हरच्या बुडाशी ऑइल पाझरतं म्हणून सील किट टाकलं तर पंधरा दिवसांत परत पाझरतं, आणि वर सगळ्यांचं एकच म्हणणं, पंप बेकार निघाला. पंप बिचारा बहुतेक वेळा ठीक असतो. दोष असतो तो व्हॉल्व्ह निवडताना, कारण सिलिंडर आणि मोटरवर लोक महिनाभर विचार करतात आणि व्हॉल्व्ह मात्र दुकानात जाऊन "एक लिव्हरवाला द्या" म्हणून उचलून आणतात.

आकडे नसले की नुसती हवेत चर्चा होते, म्हणून एक मशीन समोर धरू. वखारीत किंवा शेतावर दिसतं तसं, १०० मिमी बोअरचा सिलिंडर, ६० मिमी रॉड, ६०० मिमी स्ट्रोक, भंगार बाजारातून जुन्या जेसीबीचा वगैरे मिळालेला. एका फेऱ्यात १६ सीसी ऑइल देणारा गिअर पंप, साडेसात एचपीची १४४० आरपीएमची थ्री फेज मोटर. म्हणजे पंप मिनिटाला २३ लिटर देणार, गळती धरून २२ म्हणा. १५० बारला सिलिंडरचा जोर साधारण १२ टन येतो, पाचर पुढे जायला १३ सेकंद आणि मागे यायला आठ. सुबाभूळ, निलगिरीला हे भरपूर झालं, बाभळीच्या गाठीला कधी कधी ओंडका फिरवून दुसऱ्या अंगाने लावावा लागतो पण चालतं.

आता या मशीनला व्हॉल्व्ह कितीचा लागेल? दुकानदार म्हणतो पंप २२ लिटरचा ना, मग २५ चा बास. इथेच गाडं अडतं. पाचर पुढे जाते तेव्हा सिलिंडरच्या मागच्या बाजूला २२ लिटर जातं आणि रॉडच्या बाजूने फक्त १४ लिटर बाहेर येतं, कारण तिथली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा रॉडने खाल्लेली असते. पण पाचर मागे घेताना उलटं होतं. रॉडच्या बाजूच्या लहान जागेत २२ लिटर शिरतं आणि मागच्या मोठ्या बाजूचं ऑइल त्याच वेळात बाहेर पडलंच पाहिजे, ते निघतं मिनिटाला ३४ लिटर. हे ३४ लिटर व्हॉल्व्हमधून, रिटर्नच्या होजमधून, फिल्टरमधून जाणार. रॉड ६० ऐवजी ७० मिमीचा असेल, जाड रॉड म्हणून आपण खूश असतो, तर हाच आकडा ४३ होतो. म्हणजे व्हॉल्व्ह पंपावर मोजायचा नसतो, मागे येणाऱ्या ऑइलवर मोजायचा. हिशोब सोपा आहे, बोअरचा वर्ग भागिले (बोअरचा वर्ग वजा रॉडचा वर्ग), जे येईल त्याने पंपाच्या लिटरला गुणा. आपल्या मशीनला १.५६ येतो.

बाजारात जे मोनोब्लॉक, म्हणजे एकाच अखंड बॉडीचे, लिव्हर व्हॉल्व्ह मिळतात त्यात पी४० म्हणजे ४० लिटरचा आणि पी८० म्हणजे ८० लिटरचा. आपल्या ३४ ला पी४० कागदावर बसतो, पण तो ४० हा आकडा कमाल असतो, आरामात चालायचा नाही. मी तरी इथे पी८० घेईन. थोडा महाग आणि जड, पण त्यातून ३४ लिटर मोकळं जातं. ६० मिमीपेक्षा जाड रॉड किंवा मोठा पंप असेल तर पी४० चा विचारच नको.

लिव्हर मागे येताना मधेच सुटतो

व्हॉल्व्ह लहान पडला की काय होतं ते या तक्रारीत नीट दिसतं, म्हणून इथे जरा थांबू. लॉग स्प्लिटरसाठी म्हणून जो खास व्हॉल्व्ह मिळतो त्यात मागे यायच्या बाजूला प्रेशरने सुटणारा डिटेंट असतो. लिव्हर मागे ढकलून सोडून द्यायचा, तो तिथेच अडकून राहतो, पाचर पूर्ण मागे आली की प्रेशर वाढतं आणि त्या प्रेशरने लिव्हर सुटून न्यूट्रलला येतो. तेवढ्यात आपण पुढचा ओंडका उचलून ठेवतो. छान सोय आहे. पण डिटेंटला पाचर टोकाला आली की नाही ते कळत नाही, त्याला फक्त प्रेशर कळतं. रिटर्न तुंबलेला असेल तर अर्ध्या वाटेतच प्रेशर चढतं आणि तो सुटतो.

किती चढतं बघा. समजा रिटर्नच्या वाटेत लहान व्हॉल्व्ह, तीन सुती होज आणि चोंदलेला फिल्टर मिळून २० बार अडथळा आहे. ते २० बार सिलिंडरच्या मोठ्या बाजूवर बसलेत आणि त्यांना ढकलायचंय लहान बाजूने, म्हणून पंपाला तिथे २० नाही, ३१ बार द्यावे लागतात, तोच १.५६ चा गुणाकार. त्यात सिलिंडरचं घर्षण, पाचरीच्या स्लाइडचं घर्षण, फसलेलं लाकूड ओढून काढायचा जोर. सकाळी ऑइल थंड आणि घट्ट असताना आणखी. म्हणूनच ही तक्रार थंडीत सकाळी जास्त येते आणि दुपारी आपोआप बरी होते, आणि मग लोक म्हणतात स्प्रिंग वीक आहे.

त्यामुळे डिटेंटचा स्क्रू पिळायच्या आधी रिटर्न मोकळा करा. होजचं गणित असं, रिटर्नमध्ये ऑइलचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास राहिला पाहिजे. ३४ लिटर अर्ध्या इंची होजमधून काढलं तर वेग साडेचार मीटर होतो, तीन सुतीमधून आठ, पाऊण इंचीमधून बरोबर दोन. म्हणजे व्हॉल्व्हच्या टी पोर्टपासून (ऑइल टाकीकडे सोडणारं तोंड) टाकीपर्यंत पाऊण इंची हवाच, आणि मधे एल्बो कमी. अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे एक साइज मोठा होज टाकला की फरक लगेच जाणवतो. सिलिंडरच्या मागच्या बाजूचा होज पण इथे मोजायचा, लोक फक्त टाकीकडचा बदलतात आणि सिलिंडरला तोच तीन सुती ठेवतात, मग म्हणतात काही उपयोग झाला नाही.

हे सगळं करूनही सुटत असेल तर डिटेंटचं सेटिंग. ते मागे येताना लागणाऱ्या प्रेशरच्या बरंच वर आणि रिलीफच्या (प्रेशर ठरल्यापेक्षा वाढलं की ऑइल टाकीकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बरंच खाली असलं पाहिजे. आपल्या मशीनला मागे येताना ३५-४० बार लागत असतील आणि रिलीफ १५० ला असेल तर डिटेंट ८०-९० च्या आसपास सुटावा. पाव आटा पिळायचा, चालवून बघायचं, परत पाव आटा. जास्त पिळून तो रिलीफच्या वर गेला तर लिव्हर कधीच सुटणार नाही, पाचर टोकाला जाऊन थांबेल आणि सगळं ऑइल रिलीफवरून ओरडत जात राहील.

आणि हो, दुकानात "डिटेंटवाला आहे" म्हणून जे देतात ते बरेचदा साधं बॉल डिटेंट असतं, लिव्हर जिथे ठेवाल तिथे राहतो, आपोआप सुटायची भानगडच नाही. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. विचारताना असं विचारा, सिलिंडर टोकाला गेला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो का? तो "हो हो येतो" म्हणाला तरी बॉडीवर डिटेंट ॲडजस्ट करायचा वेगळा स्क्रू आहे का ते स्वतः बघा, कारण असा व्हॉल्व्ह म्हणजे रिलीफचा एक स्क्रू आणि डिटेंटचा एक, असे दोन दिसायला हवेत.

पुढे जायच्या बाजूला मात्र कुठलाही डिटेंट नको, अजिबात नको. हात सोडला की पाचर थांबलीच पाहिजे. युरोपात ईएन ६०९-१ नावाचं पाचरीच्या लॉग स्प्लिटरसाठीच सुरक्षेचं स्टँडर्ड आहे, त्यात दोन्ही हात कंट्रोलवर असल्याशिवाय पाचर पुढे जाऊच नये असं अपेक्षित आहे. आपल्याकडे एक जण ओंडका धरतो आणि दुसरा लिव्हर ओढतो, बोटं जातात ती अशीच. जो ओंडका ठेवतो त्याच्याच हातात लिव्हर हवा, एवढं तरी पाळा.

मशीन नुसतं चालू ठेवलं तरी ऑइल तापतं

लाकूड फोडत नाहीये, लिव्हर न्यूट्रलला, तरी टाकी गरम. ही दुसरी मोठी तक्रार आणि तिचं कारण नव्वद टक्के वेळा व्हॉल्व्हच्या मधल्या पोझिशनमध्ये सापडतं.

गिअर पंप फिरतोय तोवर ऑइल ढकलतच राहणार, त्याला थांबता येत नाही. लिव्हर मधे असताना त्या ऑइलला टाकीत जायला मोकळी वाट पाहिजे, ती ज्या व्हॉल्व्हमध्ये असते तो ओपन सेंटर. ज्यात मधल्या पोझिशनला पी, म्हणजे पंपाकडून ऑइल येणारा पोर्ट, बंद होतो तो क्लोज्ड सेंटर, तो दुसऱ्या प्रकारच्या पंपासाठी असतो, प्रेशर झालं की स्वतः लिटर कमी करणाऱ्या. क्लोज्ड सेंटरवाला गिअर पंपाला जोडला की पंपाचं ऑइल सतत रिलीफ उघडून जातं. २२ लिटर १५० बारने रिलीफवरून गेलं म्हणजे साडेपाच किलोवॅट, सगळी उष्णता. चहाच्या टपरीवरचा मोठा बंब टाकीत सोडल्यासारखंच. टाकीत ६० लिटर ऑइल असेल तर मिनिटाला तीन अंशांच्या वर चढतं, दहा मिनिटांत तीस-पस्तीस अंश. मे महिन्यात विदर्भ मराठवाड्यात ऑइल सुरुवातीलाच चाळीसला असतं, मग पुढचं सांगायला नको. साठ-पासष्टपर्यंत ठीक, ऐंशीच्या वर गेलं की सील कडक पडायला लागतात आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होऊन पंप, स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) सगळीकडून आतल्या आत गळतं, जोर कमी होतो आणि परत बोल पंपाला.

तपासणी एकदम सोपी. पंप आणि व्हॉल्व्हच्या मधे टी टाकून ग्लिसरीनवाला ० ते २५० बारचा गेज लावा. हा गेज कायमचा राहू द्या, सगळ्या मशीनवर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पार्ट तोच आहे आणि नेमका तोच कुणी लावत नाही. मोटर चालू, लिव्हर मधे, गेज बघा. पाच-दहा बार दाखवला तर वाट मोकळी आहे. वीस-पंचवीस दाखवला तर व्हॉल्व्ह लहान आहे किंवा रिटर्न तुंबलाय. शंभर-दीडशे दाखवला तर सेंटर बंद आहे, किंवा लिव्हरची लिंक अशी वेल्ड केलीय की स्पूल पूर्ण मधे येतच नाही. लिंक सोडून बघा, स्पूल स्प्रिंगने मधे आला आणि प्रेशर पडलं तर व्हॉल्व्ह बदलू नका, लिंक नीट करा. पुष्कळ ठिकाणी लांब लिव्हर हवा म्हणून पाइप वेल्ड करतात आणि त्याच्या वजनाने स्पूल एका बाजूला झुकलेला राहतो.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी इथे जास्त गोची आहे. भंगारात जुन्या प्रेस मशीनचे सहा नंबरी साइजचे सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने स्पूल सरकवणारे) व्हॉल्व्ह ढिगाने मिळतात, बाहेरून सगळे एकसारखे, आत स्पूल वेगवेगळे. आपल्याला हवा तो टँडम सेंटर, म्हणजे मधे पी आणि टी जोडलेले आणि ए, बी (सिलिंडरकडे जाणारे दोन पोर्ट) बंद. युकेन कंपनीच्या नंबरात तो ३सी६०, रेक्सरॉथ कंपनीच्या पद्धतीत जी. ३सी२ किंवा ई म्हणजे मधे चारही बंद, ते नको. ३सी४ किंवा जे म्हणजे पी बंद आणि बाकी तिन्ही जोडलेले, ते पण नको. नंबर पुसला असेल तर पाटीवरच्या तीन चौकोनांच्या चित्रात मधला चौकोन बघा, पी आणि टी यांना जोडणारी रेष हवी आणि ए, बी बंद दिसायला हवेत. एक आणखी, त्याच साइजमध्ये टँडम स्पूलची लिटरची क्षमता बाकीच्यांपेक्षा कमी असते कारण ऑइल आतल्या अरुंद वाटेने फिरून जातं. ३४ लिटरला मी सहा नंबरीच्या भानगडीत पडणार नाही, दहा नंबरी घ्या.

सोलेनॉइडची कॉइल जळते हीसुद्धा तक्रार येतेच. २३० व्होल्ट एसी कॉइल असेल तर ती ओढायला सुरुवातीला खूप करंट घेते आणि स्पूल पूर्ण सरकला की करंट पडतो. गावाकडे व्होल्टेज १७०-१८० वर आलं किंवा स्पूलमध्ये कचरा अडकला की स्पूल अर्धवट राहतो, करंट पडत नाही आणि कॉइल काही मिनिटांत जाते. नवी टाकली तर तीही जाते. यावर उपाय म्हणजे २४ व्होल्ट डीसी कॉइल आणि वेगळा पॉवर सप्लाय, डीसीला ही सुरुवातीच्या करंटची कटकटच नाही. पण खरं सांगायचं तर लाकूड फोडायला लिव्हरवालाच बरा, त्यात जळायला काही नाही आणि हाताला जोर कळतो.

सील किट टाकून पण लिव्हरच्या बुडाशी गळतंय

स्पूलच्या दोन्ही टोकांना जी ओ-रिंग किंवा सील असतात त्यांच्यावर पंपाचं प्रेशर येत नाही, टी बाजूचं येतं, आणि त्यांची ताकद तेवढ्यापुरतीच असते. म्हणजे तिथून गळायला लागलं तर सील खराब आहे हे खरं, पण ते खराब का झालं त्याचं उत्तर रिटर्नच्या बाजूला आहे. टी पोर्टवर छोटा गेज लावा, ० ते ४० बारचा चालेल, आणि पाचर मागे येताना बघा. तिथे भरपूर प्रेशर दिसलं तर वर्षभर सील किटं बदलत बसाल. फिल्टर चोंदलाय का, रिटर्नला कुणी बॉल व्हॉल्व्ह टाकलाय आणि तो अर्धा बंद राहिलाय का, होजचं आतलं रबर सुटून झडप झालीय का, हे बघा. होजचं रबर सुटणं बाहेरून दिसत नाही, होज काढून आरपार बघावं लागतं.

पी आणि टी उलटे जोडले असले तरी हेच होतं, आणि ते जास्त धोक्याचं. उलटं जोडून मशीन चालू केलं तर न्यूट्रलला काहीच कळत नाही, ऑइल एकीकडून येतं, दुसरीकडून जातं. लिव्हर हलवला की पाचर उलट्या दिशेला जायला बघते, आत पीकडचा चेक व्हॉल्व्ह परतीची वाट अडवतो आणि रिलीफ तर पीकडून टीकडे उघडणारा, तो या दिशेला कामाचाच नाही. प्रेशरला कुठेच सुटका नाही. मग सील उडतं, होज फुटतो किंवा बिडाची बॉडी तडकते. म्हणून नवीन जोडणी झाली की मोटर लावायच्या आधी बॉडीवर कोरलेली अक्षरं उजेडात बघा, रंग लावून बुजवलेली असली तर खरवडा.

बॉडी तडकायचं दुसरं कारण फिटिंग. आपल्याकडच्या मोनोब्लॉकचे पोर्ट सहसा समांतर आट्याचे बीएसपी असतात, त्यात डाउटी वॉशर (आत रबर चिकटवलेला धातूचा वॉशर) टाकून निपल बसतो. तिथे प्लंबिंगचा निमुळता निपल टेफ्लॉन टेप गुंडाळून पिळला तर एक तर तो पाचरीचंच काम करतो आणि पोर्ट उकलतो, नाहीतर टेपचे धागे आत जाऊन रिलीफच्या सीटवर बसतात. कुणी परदेशातून लॉग स्प्लिटरचा व्हॉल्व्ह मागवला असेल तर त्याचे पोर्ट एनपीटी, म्हणजे अमेरिकी निमुळत्या आट्याचे, असू शकतात. अर्धा आणि पाऊण इंचीत बीएसपी आणि एनपीटी दोघांनाही इंचाला १४ आटे, त्यामुळे निपल दोन-तीन आटे मस्त चढतो आणि वाटतं बसला, पण आट्याचा कोन वेगळा, एकाचा ५५ अंश एकाचा ६०, तो गळणारच. ॲडॉप्टर आणा, पिळू नका.

गळतंय कुठून ते शोधताना हात फिरवू नका. बारीक छिद्रातून येणारी १५० बारची धार कातडीत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत हात सडतो. पुठ्ठा धरा. आणि काहीही सोडायच्या आधी मोटर बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर काढा. तसं काही झालंच तर त्याच तासात दवाखाना, आणि ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

पाचर जाते पण ओंडक्याला टेकली की थांबते

इथे रिलीफ, पंप, सिलिंडर आणि मोटर चौघेही संशयित. गेज असेल तर अर्ध्या तासात निकाल लागतो. पाचर पूर्ण पुढे नेऊन लिव्हर दोन-तीन सेकंद दाबून धरा. गेज १५० पर्यंत गेला आणि मोटरचा आवाज दबला नाही, तर हायड्रॉलिक ठीक आहे, तुमचा ओंडकाच तुमच्या सिलिंडरला भारी आहे. गेज चढताना मोटर बसायला लागली तर ती मोटरची गोष्ट. २२ लिटरला १५० बार म्हणजे पंपाचं नुकसान धरून साडेसहा किलोवॅट, साडेसात एचपीची मोटर साडेपाचची. गाठ फुटेपर्यंतचे चार सेकंद ती ओढून नेते, सतत नाही. याच पंपाला पाच एचपी लावली असेल तर ८५ बारच्या पुढे ती दमलीच, म्हणजे १२ टनाचं मशीन प्रत्यक्षात सात टनांचं. अशा वेळी रिलीफ पिळून काही मिळत नाही, फक्त स्टार्टर ट्रिप होतो. पंप लहान करा किंवा दोन स्टेजचा लावा. बेल्ट असेल तर तो सरकत नाहीये ना तेही बघून घ्या, नाहीतर उगाच सगळं खोलत बसाल.

गेज चढलाच नाही तर ए आणि बी दोन्ही होज व्हॉल्व्हपासून काढून पोर्टला स्टीलचे प्लग लावा, प्लास्टिकची टोपी नाही, आणि लिव्हर क्षणभर हलवा. आता प्रेशर आलं तर सिलिंडरचं पिस्टन सील गेलंय. आलं नाही तर रिलीफ किंवा पंप. रिलीफ आधी बघा कारण तो फुकट आहे. स्क्रू किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा, काढा, आतली सुई आणि सीट डिझेलने धुवा. हटकून वेल्डिंगचा दाणा किंवा टेपचा तुकडा सापडतो, कारण टाकी घरी वेल्ड केलेली असते आणि आतून कुणी साफ करत नाही.

परत बसवताना स्क्रू पूर्ण सैल ठेवून सुरुवात करायची, पाचर टोकाला दाबून धरायची, गेज बघत थोडा थोडा पिळायचा, १५० ला लॉकनट. गेजशिवाय "दोन आटे दे अजून" हा प्रकार करू नका, भंगारातल्या सिलिंडरचं वेल्ड किती बारचं आहे हे कुणालाच माहीत नसतं.

दोन स्टेजच्या पंपाचं एक वेगळं आहे. त्यात मोकळं चालताना भरपूर लिटर आणि जोर लागला की मोठा गिअर टाकीकडे सोडून लहानच काम करतो, ही बदली साधारण ४० बारच्या आसपास होते. व्हॉल्व्ह मोजताना मोठा आकडा धरायचा. मोकळं ४० लिटर देणारा पंप असेल तर आपल्या सिलिंडरला मागे येताना ६२ लिटर. इथे पी४० टाकला तर अडथळ्यामुळेच प्रेशर चाळीसच्या वर जातं, पंप लहान स्टेजवर पडतो आणि पाचर मागे येताना पुढे जाण्यापेक्षा हळू येते. खरं तर मागे नेहमी जोरात यायला पाहिजे. असं उलटं दिसलं की पंपवाल्याकडे जाऊ नका, व्हॉल्व्ह आणि रिटर्न मोठा करा.

ट्रॅक्टरवर चालवणाऱ्यांसाठी थोडक्यात. मागच्या क्विक कपलरला जोडत असाल तर रिटर्न दुसऱ्या कपलरमधून नेण्यापेक्षा थेट ऑइल भरायच्या तोंडातून नेता येतो का बघा, कपलर अर्धवट बसला की रिटर्न बंदच होतो आणि वरचं सील उडायचं प्रकरण सुरू. आणि तुमच्या व्हॉल्व्हच्या टी मधून निघालेलं ऑइल पुढे दुसऱ्या व्हॉल्व्हला किंवा लिफ्टला द्यायचं असेल तर साधा मोनोब्लॉक चालत नाही, पॉवर बियाँडची स्लीव्ह बसणारा लागतो, म्हणजे पुढे जाणाऱ्या ऑइलची वाट वेगळी आणि टाकीची वाट वेगळी. साध्या व्हॉल्व्हच्या टी वर पुढच्या कामाचं प्रेशर आलं तर बॉडी ते सोसत नाही.

राहिली एक तक्रार, मोटर बंद केल्यावर पाचर हळूहळू सरकते. स्पूल आणि बॉडीच्या मधे फट असतेच, थोडं ऑइल जाणारच. आडव्या मशीनला याकडे दुर्लक्ष करा. उभ्या मशीनला, जिथे पाचर वरून खाली येते, तिथे दुर्लक्ष करू नका. सिलिंडरच्या रॉडच्या पोर्टलाच पायलट चेक व्हॉल्व्ह (दुसऱ्या लाइनमधून प्रेशर आल्याशिवाय ऑइल मागे न सोडणारा) बसवा, आणि तो बसवला तर स्पूल मधे असताना ए आणि बी टाकीला मोकळे होणारा लिव्हर व्हॉल्व्ह घ्या, दुकानात त्याला मोटर स्पूल म्हणतात, नाहीतर पायलटच्या लाइनमध्ये प्रेशर अडकून चेक नीट बसणार नाही आणि पाचर तशीच उतरत राहील.